बॅलिनास्लोच्या बाजारातली रिकामी खुर्ची

“सगळी टेबलं बुक आहेत,” असं कॅफेत एका आजींना सांगितलं आणि पाच मिनिटांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. मी बसले, चहाही प्यायले. दोन दिवस झाले, दुसरं काही सुचत नाहीये.

आयर्लंडमध्ये, गॉलवे काउंटीतल्या बॅलिनास्लोला ऑक्टोबरात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. इथे चारचौघांत तळहातावर थुंकून टाळी देतात. दोघंही अडून बसले, तर तिसराच कोणी त्यांचे हात धरून जुळवतो. सौदा झाला की विकणारा थोडे पैसे परत देतो, शकुनाचे. यातले बरेचसे ट्रॅव्हलर, इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे फिरस्ते.

एका कोपऱ्यात एक आजोबा पत्र्याचा पेला करत होते. पत्रा वळवला, कडा एकमेकींत अडकवून ठोकल्या, कथलाचा डाग दिला, कान बसवला. मला आमच्या आळीतला भाता मारणारा कल्हईवालाच आठवला. या लोकांनी खेडोपाडी बादल्या सांधल्या, शेतांवर बटाटे काढले. प्लॅस्टिक आलं, यंत्रं आली आणि धंदा बसला. 1963 च्या सरकारी अहवालाने त्यांना घरांत बसवून बाकीच्यांत मिसळून टाकायचं ठरवलं. वेगळा वांशिक समाज म्हणून मान्यता मिळाली थेट 1 मार्च 2017 ला. 2022 च्या जनगणनेत ते जेमतेम 32,949 भरले. दुकानात, हॉटेलात भेदभाव करू नये, या 2000 सालच्या कायद्यात तर त्यांचा नावानिशी उल्लेख आहे. तरीही त्या ट्रॅव्हलर आजींना टेबल नाही!

ऑफिसातली मैत्रीण, जिने मी आजारी असताना सूप आणून दिलं होतं, ती म्हणाली, “तुला ते लोक माहीत नाहीत.” मी भडकले. मग तिने आमच्याकडच्या भटक्यांचं विचारलं. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी केला आणि 1952 मध्ये आपण तो रद्द केला, हे मी ठासून सांगितलं. पण आमच्या गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर जायचे, हे नाही सांगितलं. परक्या माणसासमोर आपल्या गावाची अब्रू कशाला काढायची?

आणि त्या कॅफेत तरी मी काय बोलणार होते? इथे येऊन मला वर्षही झालेलं नाही.

आजी खिडकीतून दिसत होत्या. समोरच्या गाडीवरून कागदी पेल्यात चहा घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्यासमोरची खुर्ची मी उठेपर्यंत रिकामी होती.