'-कर' आडनावांचा नकाशा: टप्पा तिसरा, मांडवा ते राजपुरी

'-कर' आडनावं ज्या गावांवरून आली ती गावं शोधून नकाशावर मांडण्याचं हे काम आहे. या टप्प्यात रायगडचा किनारा घेतला आहे. उत्तरेला मांडवा-रेवस, दक्षिणेला राजपुरी-दिवेआगर, आणि आत पेण, रोहे. गावाच्या नावाला 'कर' लागून आडनाव कसं घडतं, हे या पट्ट्यात फार उघडं दिसतं. त्याचं कारण इथले बेने इस्राएल. हे मराठी बोलणारे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या या गावांत घाणे चालवत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून त्यातली घरं मुंबईला जाऊ लागली आणि जाताना गावाचं नाव बरोबर घेऊन गेली.

आतापर्यंत जुळलेली नावं अशी. किहीमचे केहीमकर, आवासचे आवासकर, झिराडचे झिराडकर, थळचे थळकर, नवगावचे नवगावकर, पेझारीचे पेझारकर, चौलचे चेऊलकर. पेणचे पेणकर, त्याच तालुक्यातल्या वाकरूळचे वाकरूळकर. रोह्याचे रोहेकर आणि नदीपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर. मुरुडजवळच्या राजपुरीचे राजपूरकर. नकाशावर ही गावं टाचण्यांनी लावली की टाचण्या किनाऱ्याला आणि खाड्यांच्या तोंडांना चिकटून बसतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच पानावर लिहून ठेवावी. यातली बरीच आडनावं हिंदूंतही आहेत. नुसत्या 'पेणकर' किंवा 'आवासकर' या शब्दावरून धर्म, जात, कुळ यातलं काहीही ठरत नाही. नोंदीच्या कार्डावर समाज कागदात लिहिला असेल तेव्हाच लिहायचा, अंदाजाने नाही.

गावात त्या गावाचा 'कर' नसतो

किहीममध्ये राहणाऱ्याला किहीममध्ये कोणी केहीमकर म्हणत नाही, सगळेच किहीमचे असतात. हे नाव त्याला चिकटतं ते तो अलिबागला, मुंबईला, फौजेत गेल्यावर. म्हणून '-कर' आडनाव राहत्या गावाचं नसून सोडलेल्या गावाचं असतं, आणि शोध दोन टोकांनी करावा लागतो: कुठून निघाले आणि कुठे नाव पक्कं झालं. दुसरं टोक बहुतेक जण विसरतात, आणि कागद बरेचदा तिथेच सापडतो. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. कुळ सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, पण आडनावाची नोंद आहे साताऱ्याच्या शाळेत, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. आंबडव्यात बसून ही नोंद कधीच हाती लागली नसती. होळकरांचंही तेच. नीरेकाठचं होळ गाव आडनावात राहिलं, आणि ते गाजलं माळव्यात.

याची उलट बाजू कामाची आहे. तुम्ही ठरवलेल्या गावातच ते आडनाव जुन्या कागदापासून सलग सापडत असेल तर थांबा. एक तर त्याच नावाचं दुसरं गाव आहे, नाही तर ते घराणं वतनदार आहे. वतनदार घरी राहूनही गावाचं नाव मिरवतात, त्यांना हा नियम लागत नाही.

मागे जाताना चार रूपं

आडनावावरून गावाकडे जाताना 'कर' काढून उरलेला भाग जसाच्या तसा गावांच्या यादीत शोधला की निम्मी गावं हुकतात. चार रूपं करून बघायची: उरलेला भाग तसाच, शेवटी ई लावून, शेवटी आ लावून, शेवटी ए लावून. राजपूरकर घेतलं तर राजपूर, राजपुरी, राजपुरा, राजपुरे. या पट्ट्यात शेवटची ई बहुधा गळते (राजपुरी, अष्टमी, पेझारी), ए टिकतो (रोहेकर, दिवेकर), आ गळतो (म्हसळा, म्हसळकर). घाटावर सातारा-सातारकर हे त्याच चालीचं. पण सांगलीकर, वाईकर, इचलकरंजीकर यांत ई टिकली आहे, त्यामुळे हा नियम शोधापुरता वापरावा, पुरावा म्हणून नाही. गावाचं नाव 'क' ने संपत असेल तर दोन क एकमेकांत जिरतात: फलटणजवळचं निंबळक आणि तिथले निंबाळकर. 'निंबाळ' नावाचं गाव शोधत बसलात तर ते घराणं फलटणऐवजी भलतीकडे लागेल.

गावांची यादी म्हणून जिल्हा जनगणना पुस्तिका पुरते, पण तीत महसुली गावंच असतात, वाड्या-पाडे नसतात. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे जोडीला घ्या. जुन्या कागदात जिल्हा 'कुलाबा' आहे, रायगड हे नाव १९८१ चं. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता आणि अलिबागकडचा १८४० पर्यंत आंग्र्यांकडे. कोणत्या दफ्तराची मागणी करायची ते यावरून ठरतं.

नागाव आणि नवगाव

या टप्प्यात सगळ्यात जास्त कार्डं चुकली ती इथे. दोन्ही गावं अलिबाग तालुक्यात, दोन्ही समुद्राकाठी. नागाव अलिबागच्या दक्षिणेला, नवगाव उत्तरेला थळच्या अंगाला. नागावकर आणि नवगावकर ही दोन वेगळी आडनावं आहेत, पण रोमन लिपीतल्या जुन्या याद्यांत दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाच फरक उरतो, आणि तोही लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. त्यामुळे रोमन यादीतून आलेलं कार्ड थेट 'क' म्हणजे सगळ्यात पक्क्या दर्जात घालायचं नाही. मराठी किंवा मोडी कागद मिळेपर्यंत दोन्ही गावं लिहून ठेवायची. थळकर आणि तळकर यांचंही तसंच, त्याबद्दल खाली.

कार्ड कसं दिसतं: दिवेकर

आडनाव, कागदातलं लेखन जसंच्या तसं, कागदाचा प्रकार आणि वर्ष, व्यक्ती, कागदातलं गाव, उमेदवार गावं, दर्जा. सात रकाने, त्याहून जास्त नको. दर्जा तीन: कागदात आडनाव आणि मूळ गाव एकत्र असेल तर 'क', उच्चार जुळतो आणि भूगोलही पटतो तर 'ख', नुसता उच्चार जुळला तर 'ग'.

व्यक्ती: सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर, शार हारहामीम, उभारणारे. उमेदवार गावं तीन: श्रीवर्धनजवळचं दिवेआगर, भिवंडीकडचं दिवे-अंजूर आणि पुरंदरातलं घाटमाथ्याचं दिवे. समाजाची बाकीची गावं किनाऱ्याला आहेत, म्हणून दिवेआगरचं पारडं जड. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मूळ नाव दिवे, तेव्हा 'आगर' गळून दिवेकर होणं सहज आहे. गाव जुनं आहे यात शंका नाही, तिथला मराठी ताम्रपट शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा आहे. तरीही दर्जा 'ख'च. गाव जुनं असणं म्हणजे घराणं तिथलं असणं नव्हे. आणि पुरंदरच्या एखाद्या दिवेकर कुटुंबाला हे कार्ड लावू नये, त्यांचं वेगळं कार्ड होतं.

याच कार्डात नावांचीही मेख आहे. जुन्या कागदांत बायबलमधली नावं मराठी वळणाने येतात: सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल, मुसाजी म्हणजे मोझेस, इसाजी म्हणजे आयझॅक, आबाजी म्हणजे अब्राहम. 'आबाजी बिन इसाजी तेली' (बिन म्हणजे अमक्याचा मुलगा) अशी ओळ दिसली तर ती हिंदू घराची असू शकते, बेने इस्राएलांचीही. पुढेमागे 'शनिवार' हा शब्द आहे का पाहा. 'सोमवार तेली' हे वेगळे, ते हिंदू. आणि 'मशीद' या शब्दावरून घाईने निर्णय नको, बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आले आहेत.

मोडी आणि सालं

मोडीत शिरोरेघ आधी ओढून अक्षरं तिला टांगलेली असतात, शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ एकच. अनुस्वार गळतो, श ऐवजी स आणि ळ ऐवजी ल सर्रास येतो: सिंदे, जोसी, होलकर. म्हणून लिप्यंतर करताना सुधारून लिहू नका. कागदातलं रूप एका रकान्यात, आजचं दुसऱ्यात. राजपूरकर आणि राजापूरकर यांत फरक एका कान्याचा आहे, आणि गावांत अख्खा रत्नागिरी जिल्हा.

शकाला ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. मराठेशाहीच्या कागदांतला शुहूर सन अरबी शब्दांत येतो आणि मृग नक्षत्रापासून बदलतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. मृग ते डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, पुढे ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपताचं साल. सितैन (६०) आणि सित (६) यांत गल्लत झाली की अर्धशतक हुकतं.

दगडावरची अक्षरं

ज्यू कबरस्तानांतल्या दगडांवर बरेचदा मराठी आणि हिब्रू दोन्ही असतं. आडनाव मराठी ओळीत बघा. हिब्रू साल अक्षरांत असतं आणि हजाराचा पाच बहुधा वगळलेला असतो. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवायचे. ६५६ असेल तर इ.स. १८९६. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, तिथून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखेला १२३९. झिजलेल्या दगडावर दालेत (४) आणि रेश (२००) सारखेच दिसतात, तसेच हे (५), खेत (८) आणि ताव (४००). आकडा जमेना तर मराठी ओळीतल्या इसवी सनाशी ताडून बघा.

दगड साफ करायला पाणी आणि मऊ ब्रश, बस. तारेचा ब्रश, आम्ल, खडू, पीठ यातलं काहीही नको. खडूने आज अक्षर उठतं आणि दगड कायमचा खराब होतो. फोटो सकाळी कोवळ्या उन्हात, प्रकाश दगडाला जवळजवळ समांतर येईल असा. सावलीतल्या दगडावर आरशाने बाजूने ऊन पाडलं की पुसट कानेसुद्धा वाचता येतात. देखभाल करणाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये, आणि शनिवार टाळावा.

उघडी राहिलेली कार्डं

चेऊलकर 'क' मध्ये गेलं. चौलचं जुनं रूप चेऊल कागदांत भरपूर आहे, तिथे वाद नाही. दांडेकर तसंच ठेवलं आहे: राजपुरीजवळचा दांडा समोर दिसतो खरा, पण दांडा हा किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याला सर्वत्र वापरला जाणारा शब्द आहे आणि त्या नावाच्या वस्त्या पालघरपर्यंत आहेत. आडनाव चित्पावनांतही आहे. प्रत्येक घराण्याला स्वतंत्र कागद लागेल.

तळकर हे सगळ्यात अवघड. कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांचं घराणं तळकरांचं. वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आडनावाच्या जागी वापरायची पद्धत पडली आणि 'कर' मागे राहिला, असं बऱ्याच घरांत झालं; इझिकेल, सॅमसन, डेव्हिड अशा आडनावांमागे जुनं गावाचं नाव आहे का ते म्हणूनच विचारावं लागतं. उमेदवार दोन: तळगडाखालचं तळा, आणि रोमन लेखनातून 'थ' चा 'त' झाला असेल तर थळ. तळा-तळकर ही आ गळण्याची चाल नियमाला धरून आहे, पण समाजाची वस्ती थळकडे दाट. कार्ड 'ग' मध्ये आहे. मोडीत 'त' आणि 'थ' वेगळे लिहिले जातात, त्यामुळे एक मोडी कागद मिळाला तरी हा प्रश्न सुटेल. आंग्रेकालीन किंवा जंजिरा दफ्तरात 'शनिवार तेली' शब्दासह असं नाव कोणाला दिसलं तर ओळीचा फोटो शिरोरेघेसह पूर्ण घ्यावा, नुसतं आडनाव कापून नको; शेजारचं गाव त्याच ओळीत असतं.