शेवटी यंदा मला रोयणीची अळमी सापडली (माझा अनुभव)

लहानपणापासून अळमी, म्हणजे आमच्या गोव्यातली पावसाळी रानमशरूम, खाल्ली ती विकतचीच. श्रावणात घरी मासे बंद, मग बाबा रस्त्यावर पानात बांधून विकतात ती घेऊन यायचे, आई शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा) करायची आणि त्या दिवशी माशांची कोणाला आठवणसुद्धा यायची नाही. स्वतः रानात जाऊन काढायची हे डोक्यात आलं तीन वर्षांमागे, आणि पहिली दोन वर्षं एकसुद्धा मिळाली नाही.

पाऊस लागला की मी सुटायचो, दिसेल त्या झाडाखाली, कुजलेल्या ओंडक्यांवर बघत फिरायचो. माझं आजोळ गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, तिथे मामीला हे सांगितलं तर म्हणाली, "अरे अळमी कसली शोधतोस, आधी रोयण शोध."

रोयण म्हणजे वारूळ. वाळवी पाला, लाकूड चघळून आत नेते, त्याच्यावर बुरशी पोसते आणि ती खाते, आणि पावसात त्याच बुरशीला जे वर फुटतं ती आपली अळमी. म्हणजे वाळवी नाही तर अळमी नाही, धिंगरीसारखी (ऑयस्टर मशरूम) शेडमधे पिशव्या टांगून ही पिकत नाही. म्हणून यंदा मे महिन्यातच मामीबरोबर काजूच्या बागेत फिरलो, गवत वाढलं की काही दिसत नाही ना. उंच ढिगारा असतोच असं नाही, दोन ठिकाणी तर जमिनीला नुसता फुगवटा होता, मी एकटा असतो तर त्याच्यावरून चालत गेलो असतो. पाच रोयणी लक्षात ठेवल्या, फोनमधे लोकेशन पण टाकून ठेवलं.

मग जुलै अख्खा वाट बघण्यात गेला. ऑगस्टमधे चार दिवस धो धो पडून ऊन आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामीचा फोन, "ये लगेच, उद्यापर्यंत किडे लागतील."

तिसऱ्या रोयणीवर होती. माती तडकलेली आणि फटीतून राखाडी टोकं वर आलेली, टोपीच्या मधोमध बोंडासारखं टोक असतं त्यानेच ती माती फोडते. मी कोयता काढला तर मामी ओरडलीच. देठ बोटांनी बुडाशी धरून हळू फिरवत वर ओढायचा, खाली मुळासारखी लांब शेपटी येते ती पार वाळवीच्या घरापर्यंत गेलेली असते, तुटली तर तुटू दे पण खणायचं नाही, रोयण मोडली की पुढच्या वर्षीचं गेलं. पूर्ण उमललेल्या पाच-सहा तिने तशाच ठेवल्या, बीज पडायला. गोवा विद्यापीठात शिकवलेले बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत ह्या अळम्यांवर कितीतरी वर्षं काम करत आलेत, ओरबाडून काढू नका हे तेही सांगतात. आणि म्हादई, बोंडला, नेत्रावळी अशा अभयारण्यांत शिरून तर काढूच नका, कायद्याने मनाई आहे.

आता महत्त्वाचं. परतताना देवळामागच्या गवतात मोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या, मी खूश होऊन आठ घेतल्या. मामीने एक उलटी करून बघितली, देठाला अंगठीसारखं कडं, टोपीवर तपकिरी खवले, खाली शेपटीच नाही. सगळ्या टाकायला लावल्या. मी एक ठेवून घेतली आणि दोन्हींच्या टोप्या रात्रभर कागदावर उपड्या ठेवल्या. सकाळी अळमीखाली फिकट गुलाबी भुकटी (तेच तिचं बीज) आणि त्या छत्रीखाली चक्क हिरवी! ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब, आणि कोवळी असताना तिच्या खालच्या पाकळ्या पण पांढऱ्याच असतात म्हणून माणूस फसतो. लसूण किंवा चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघायचं म्हणतात ते अजिबात धरू नका, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चांगली हेही खोटं. जाणता माणूस सोबत नसेल तर खाऊ नका, प्लीज.

माती निघायला तासभर गेला, शेपट्या सुरीने खरवडून. संध्याकाळी शाकुती आणि उंडे (गोव्यातले गोल पाव). बाबांना रस्सा वाढला तर म्हणाले, कुठून घेतलीस, आणि मी काढली म्हटल्यावर ताट बाजूला ठेवून मामीला फोन लावला, खरं का विचारायला.