सर्टिफिकेटच्या मुदतीवर घरून पहारा : पहिल्या तीन आठवड्यांची नोंद

गेल्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीला तीन दिवस उरलेले असताना, आमच्या नाशिकच्या भटकंती गटाच्या नावनोंदणीच्या पानावर ब्राउझर धोक्याचा इशारा दाखवू लागला. सर्टबॉट या स्वयंचलित साधनाने सर्टिफिकेटचे (संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या, ठरावीक मुदतीच्या डिजिटल प्रमाणपत्राचे) नूतनीकरण महिनाभर आधीच केलेले होते आणि नवी फाइल डिस्कवर जागच्या जागी होती. मात्र पाने पुरवणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स रिलोड न झाल्यामुळे, म्हणजे त्याने फाइल पुन्हा न वाचल्यामुळे, तो मेमरीत असलेले जुनेच सर्टिफिकेट येणाऱ्यांना देत राहिला. सर्टबॉटची वेबरूट पद्धत (संकेतस्थळाच्या फोल्डरात फाइल ठेवून मालकी सिद्ध करण्याची) वापरताना रिलोडसाठी डिप्लॉय हुक, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणारा आदेश, आपणच लावावा लागतो. तो माझ्याकडून राहून गेला होता व त्याच दिवशी लावला. मनाला लागली ती गोष्ट वेगळीच होती : फाइलची तारीख पाहणारी माझी स्क्रिप्ट त्या सकाळपर्यंत 'सर्व ठीक' असाच निरोप देत होती. त्यामुळे, दारात उभ्या असलेल्या माणसाला जे सर्टिफिकेट दिसते तेच तपासायचे आणि तेही बाहेरून, असे मी ठरवले.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे राहिलेले नाही. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे ४ जून २०२५ पासून बंद केले आहे. शिवाय सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरम या मंचाच्या निर्णयानुसार सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस होते.

संकेतस्थळे भाड्याच्या सर्व्हरवर आहेत, तर पहारा इंदिरानगरमधील घरी असलेल्या, डेबियन लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकावर बसवला. प्रोमिथियस (आकडे गोळा करून नियम तपासणारा), ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर (संकेतस्थळ बाहेरून तपासणारा) आणि अलर्टमॅनेजर (अलर्ट पोहोचवणारा) ही तिन्ही पॅकेजेस डेबियनच्याच भांडारातून मिळतात, त्यामुळे बसवण्यात अर्धा तासही गेला नाही. वेळ गेला तो रीलेबलिंगमध्ये, म्हणजे प्रोमिथियसला दिलेले पत्ते बदलून देणाऱ्या नियमांमध्ये. प्रोमिथियसला विचारणा करायची असते ९११५ पोर्टवरच्या एक्स्पोर्टरला, आणि संकेतस्थळाचा पत्ता 'टार्गेट' म्हणून त्याच्या हाती द्यायचा असतो; ही अदलाबदल नीट न झाल्यास प्रोमिथियस थेट संकेतस्थळाकडेच मेट्रिक्स (मोजमापाचे आकडे) मागत बसतो.

सर्टिफिकेटची तारीख मिनिटामिनिटाला बदलत नाही, म्हणून मी तपासणी तासातून एकदा ठेवली होती. ती चूक ठरली. पाच मिनिटांपेक्षा जुना आकडा प्रोमिथियस शिळा समजतो, त्यामुळे आलेख तुटक दिसू लागला आणि 'इतका वेळ स्थिती टिकली तरच अलर्ट द्या' हा नियम दर वेळी पहिल्यापासून मोजायला लागला. आता तपासणी दर दोन मिनिटांनी होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट चाचणीत कळली. बॅडएसएसएल या प्रकल्पाने मुद्दाम मुदत संपलेल्या सर्टिफिकेटचे एक पान ठेवले आहे. ते यादीत घातल्यावर मुदतीचा अलर्ट तत्काळ वाजेल अशी माझी खात्री होती, पण तो वाजलाच नाही. मुदत संपलेले सर्टिफिकेट एक्स्पोर्टर नाकारतो, जोडणी तिथेच तुटते आणि मुदतीचा आकडा नोंदवलाच जात नाही. जो आकडा अस्तित्वातच नाही, तो 'वीस दिवसांपेक्षा कमी' या अटीत बसणार कसा? म्हणून तपासणी अयशस्वी झाल्यास वाजणारा दुसरा नियम सोबत हवाच. केवळ मुदतीच्या नियमावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी एकदा करून पाहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

वीस दिवस ही मर्यादाही विचारपूर्वक ठेवली आहे. माझ्या नव्वद दिवसांच्या सर्टिफिकेटचे नूतनीकरण सर्टबॉट तीस दिवस उरले असता करतो आणि त्याचा टायमर दिवसातून दोनदा चालतो. म्हणजे वीस दिवस उरल्याचा अलर्ट आला, तर दहा दिवस प्रयत्न फसत आहेत किंवा रिलोड झालेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मर्यादा तीसवर ठेवली असती, तर प्रत्येक नूतनीकरणाच्या सुमारास विनाकारण अलर्ट आले असते आणि अशा अलर्टकडे माणूस हळूहळू दुर्लक्ष करू लागतो.

अलर्ट टेलिग्रामवर येतात. गटाचा ईमेल सर्व्हर त्यासाठी वापरला नाही, कारण त्याचे सर्टिफिकेटही याच पहाऱ्याखाली आहे. घरची वीज गेली आणि छोटा संगणक बंद पडला, तर पहाराच उठतो. त्यामुळे तो दर दहा मिनिटांनी भाड्याच्या सर्व्हरवर एक खूण ठेवतो आणि अर्धा तास खूण न दिसल्यास तिकडची स्क्रिप्ट मला कळवते. दुसऱ्या आठवड्यात देखभालीसाठी दुपारी वीज बंद होती, तेव्हा हा निरोप ठरल्याप्रमाणे आला.

काल अखेरची चाचणी घेतली. छायाचित्रांच्या उपडोमेनचा डिप्लॉय हुक तात्पुरता काढून सर्टिफिकेटचे नूतनीकरण सक्तीने करवले. सर्टबॉट ८९ दिवस उरल्याचे सांगत होता, आणि घरच्या पडद्यावरचा आकडा ४१ वरच होता. एनजिनएक्स रिलोड केला. दोन मिनिटांनी तिथेही ८९ दिसले. हुक परत जागेवर लावला आहे.