शेवरीच्या लेंड्या मोजताना

२०२१ सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या पहाटे, मी दिवाणखान्यातला दिवा लावला तेव्हा आमची सशीण शेवरी तिच्या कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धवट मिटून बसलेली होती. एरवी पाचच्या सुमारास माझ्या पावलांची चाहूल लागली की ती जाळीशी येऊन मागच्या पायांवर उभी राहत असे. त्या दिवशी तिने कानही हलवले नाहीत. वाटीतला रात्रीचा खुराक तसाच होता आणि संध्याकाळी दिलेली कोथिंबीर मलूल होऊन पडली होती. मला खरी धास्ती वाटली ती तिच्या शौचाच्या ट्रेकडे पाहून. रात्रभरात शंभराच्या वर लेंड्या टाकणाऱ्या सशिणीच्या ट्रेमध्ये मोजून अकरा लेंड्या होत्या. त्याही नेहमीसारख्या हरभऱ्याएवढ्या आणि भुसभुशीत नव्हत्या, तर मिरीच्या दाण्यासारख्या काळ्या आणि टणक होत्या, आणि त्यांतल्या तीन केसांच्या धाग्याने एकमेकींना जोडलेल्या होत्या.

आदल्या रात्री लक्ष्मीपूजनाचे फटाके आमच्या कोथरूडच्या गल्लीत एक वाजेपर्यंत चालू होते. ती घाबरली असेल, दुपारपर्यंत सावरेल, असे मला प्रथम वाटले, आणि त्या विचारात मी दोन तास घालवले. ते दोन तास मला आजही सलतात. ससा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच असते. तो उघडपणे आजारी दिसू लागतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्याचे आतडे अखंड चालू राहण्यासाठी घडलेले आहे. ते थांबले की आत वायू साठतो, वायूमुळे पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर पडण्याचा दुसरा मार्गच नाही. दहा-बारा तास सशाने काहीही खाल्ले नाही तर ती तातडीची अवस्था समजावी, हे मला त्या सकाळपर्यंत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

सणामुळे बहुतेक दवाखाने बंद होते. एक उघडा सापडला. तिथल्या डॉक्टरांनी पोट चाचपून जंतुसंसर्गाची शंका बोलून दाखवली, तोंडावाटे देण्यासाठी अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध लिहून दिले आणि पोटाला आराम म्हणून एक दिवस काही खायला घालू नका, असे सांगितले. औषध घेऊन घरी आल्यावर मी माझ्या एका मैत्रिणीला सहज फोन केला. तिच्याकडे दहा वर्षांपासून ससे आहेत. औषधाचे नाव ऐकताच ती म्हणाली, "अगं, ते तिच्या तोंडात घालू नकोस. आणि उपाशी तर मुळीच ठेवू नकोस. मी सांगते तिथे आत्ताच्या आत्ता निघ." कुत्र्याला किंवा माणसाला सहज चालणारी अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे सशाच्या पोटात गेली तर पचनाला लागणारे उपयोगी जंतू मरतात, त्यांच्या जागी घातक जंतू माजतात आणि ससा त्यातच दगावू शकतो. पिसवांसाठी कुत्र्या-मांजरांच्या मानेवर सोडतात त्या फिप्रोनिल या औषधाचेही तसेच आहे. सशाला ते विषासारखे आहे. म्हणून ससा पाळणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, सशांवर उपचार करणारा डॉक्टर कोण आणि कुठे, याचा शोध ससा धडधाकट असतानाच घेऊन ठेवावा.

मैत्रिणीने सांगितलेल्या डॉक्टर बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला पक्ष्यांवर आणि लहान प्राण्यांवर उपचार करतात. त्यांनी आधी तापमान पाहिले. सशाचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते, शेवरीचे ३७.४ भरले. अशा वेळी तापापेक्षा अंग गार पडणे अधिक वाईट, असे सांगून त्यांनी तिला गरम पाण्याच्या पिशवीवर जाड टॉवेल टाकून बसवले. क्ष-किरण चित्रात आतड्यात वायू भरलेला दिसला, पण अडथळा कुठेही नव्हता. मग मानेमागच्या सैल कातडीखाली कोमट सलाइन सोडले. तिथे लिंबाएवढा फुगवटा आला आणि तासाभरात जिरला. वेदनाशामक आणि आतड्यांची हालचाल वाढवणारे औषध दिले. त्यानंतर कान तपासायचे दिव्याचे उपकरण तिच्या तोंडात हळूच सरकवून त्यांनी मला वाकून पाहायला सांगितले. खालच्या दाढेच्या आतल्या कडेला एक अणकुचीदार टोक वाढलेले होते आणि जिभेच्या कडेवर, जिथे ते टोचत होते तिथे, पांढरट व्रण पडला होता.

"फटाके हे निमित्त झाले. हिला कित्येक दिवसांपासून चावताना दुखत असणार," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही गवत किती घालता?"

मी गवत घालतच नव्हते. दुकानदाराने दिलेला रंगीत खुराक, ज्यात मक्याचे दाणे आणि सूर्यफुलाच्या बिया असत, तो मी वाटी भरून घालत होते, वर गाजर, आणि पोळीचा तुकडा तिला आवडतो म्हणून तोही.

घरी आल्यावरचे तीन दिवस आणि तीन रात्री मी कधीच विसरणार नाही. दर चार तासांनी तिला बारा मिलिलिटर पातळ अन्न सुई काढलेल्या सिरिंजने भरवायचे होते. डॉक्टरांनी दिलेली गवताची पूड कोमट पाण्यात कालवायची, ती सिरिंजमधून सरकेल इतपत सैल करायची, शेवरीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायचे आणि समोरच्या दातांच्या मागे जी मोकळी फट असते तिथून, बाजूने, एका वेळी जेमतेम अर्धा-एक मिलिलिटर सोडायचे. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक थेंबानंतर ती चावते आहे, गिळते आहे हे पाहूनच पुढचा थेंब. बारा मिलिलिटरला पाऊण तास लागे. माझ्या सासूबाई रात्री दोनच्या पाळीला आपण होऊन उठत आणि तिचे डोके तळहातात स्थिर धरून बसत. भरवून झाले की मी तिच्या पोटावरून बोटांनी हलकेच, समोरून मागे, हात फिरवत असे. दुसऱ्या रात्री पावणेतीन वाजता टॉवेलवर एक लेंडी पडली. ती लहान, वेडीवाकडी आणि ओलसर होती. "आली गं, आली!" असे सासूबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की आतल्या खोलीतले सगळे जागे झाले.

पाच दिवसांनी, ती स्वतःहून पाला खुडू लागल्यावर, भूल देऊन दाढेचे टोक घासून काढले. भूल देण्याआधी माणसाला उपाशी ठेवतात तसे सशाला ठेवायचे नसते, कारण उलटीचा धोका नसतो आणि रिकामे आतडे मात्र पुन्हा थांबू शकते. मी तिचा आवडता पाला डब्यात घालून नेला होता आणि शुद्धीवर आल्यावर पाऊण तासातच तिने मुळ्याच्या पाल्याचे एक पान ओढून घेतले.

मूळ काम त्यानंतरचे होते. सशाचे सगळेच दात आयुष्यभर वाढत राहतात. समोरचे दात तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. गवताच्या चिवट काडीला जबडा आडवा फिरवून, जात्यासारखे दळावे लागते आणि त्यातच दाढा सारख्या झिजतात. मऊ खुराक दोन चाव्यांत संपतो, दाढांना पुरेसे काम मिळत नाही, आणि तंतू नसल्यामुळे आतडेही सुस्त पडते. म्हणजे शेवरीचे तोंड आणि पोट हे दोन आजार नव्हते, एकाच चुकीची दोन टोके होती. सासूबाईंचे बालपण शेळ्यांच्या सहवासात गेले आहे. त्या आधीपासून म्हणत असत, "अगं, गवत खाणारं जनावर दिवसभर चघळताना दिसलं पाहिजे. ही पाच मिनिटांत वाटी चाटते आणि नुसती बसून राहते." मी ते कौतुकाचे बोलणे समजत होते.

सशाच्या आहारात चार-पंचमांशाहून अधिक गवत असावे. परदेशातून येणारे टिमोथी गवत पुण्यात मिळते, पण ते महाग पडते आणि आमच्या वाण्याकडे मिळावे तसे हमखास मिळत नाही. बाजारात सहज मिळतो तो लसूणघास. तो पिल्लांना चांगला, पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असल्यामुळे वाढ पूर्ण झालेल्या सशाला रोज घातला तर मूत्राशयात गाळ साठू शकतो. कडब्याची ताटे तिला फार जाड पडली आणि भाताच्या पेंढ्याकडे तिने पाहिलेही नाही. शेवटी दौंडकडच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याने गुरांसाठी लावलेला ओट फुलोऱ्यावर असताना कापून, सावलीत वाळवून द्यायचे कबूल केले. ते गवत हिरवट राहते आणि त्याला गोडसर वास येतो. मी ते प्लास्टिकमध्ये न ठेवता सुती पोत्यात, जमिनीपासून उंच ठेवते, कारण पावसाळ्यात बुरशी धरलेली एक मूठसुद्धा फेकून द्यावी लागते. ताज्या गवतासाठी आमचा आधार म्हणजे हरळी. मंडईत दूर्वांच्या जुड्या बारा महिने मिळतात. मी त्या दोनदा धुऊन, पाणी निथळवून देते. गणेशोत्सवात एकवीस दूर्वा निवडून झाल्या की उरलेली जुडी शेवरीची, हा आमच्या घरचा रिवाज आता पक्का झाला आहे.

खुराक एकदम बंद केला नाही, तीन आठवड्यांत थोडा थोडा उतरवत आणला. आता तिला रोज तीस ग्रॅम साधा, दाणे नसलेला खुराक मिळतो. पाल्यात कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला असतो. नवी भाजी एका वेळी एकच आणि तीही आधी चिमूटभर. गाजर गोड असते, म्हणून आठवड्यातून दोन चकत्या. पोळी, भात, बिस्किटे पूर्ण बंद; कांदा-लसूण तर घराबाहेरचेच समजायचे. पहाटे ती वाकून स्वतःच्याच मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या खाते ते पाहून पूर्वी मी तिला हटकत असे. त्या लेंड्यांत तिला लागणारी ब गटातील जीवनसत्त्वे असतात आणि त्या खाणे हा तिच्या पचनाचाच दुसरा टप्पा आहे, हे कळल्यावर मला तिला हटकल्याचे फार वाईट वाटले.

राहण्याच्या जागेतही बदल केले. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यामुळे तिच्या मागच्या टाचांवरचे केस जाऊन कातडी लाल झाली होती. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस असतात. पिंजरा काढून टाकला, दिवाणखान्याचा एक भाग जाळीने वेगळा केला, खाली सतरंजी टाकली आणि विजेच्या सगळ्या तारा नळीत घातल्या. शौचाच्या ट्रेवरच गवताची टोपली टांगली, कारण सशाला खाता खाता शौच करण्याची सवय असते. त्या एका युक्तीने घर स्वच्छ राहू लागले. पावसाळ्यात मी रोज तिच्या शेपटीखालचा भाग पाहते. तिथे ओल किंवा घाण राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊ शकतात.

एप्रिल-मे महिन्यांची काळजी वेगळी. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला धोका सुरू होतो. दुपारी मी तिच्यासाठी गार शहाबादी फरशीचा तुकडा ठेवते, गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवते आणि कानांवरून ओला हात फिरवते. गार पाण्यात बुडवायचे मात्र नाही. त्या धक्क्यानेच ससा दगावू शकतो.

पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने तिचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली, कारण वय वाढत जाते तसा मादी सशांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. त्यानंतर एका कुटुंबाला सांभाळता न आलेला, खच्चीकरण झालेला नर, कापूस, आमच्याकडे आला. पाच आठवडे दोघांच्या जागा शेजारी पण वेगळ्या होत्या. मधूनमधून सतरंज्यांची अदलाबदल करून एकमेकांचा वास ओळखीचा करून दिला. पहिल्यांदा शेवरीने त्याच्या कपाळाला जीभ लावली त्या संध्याकाळी मी जाळी काढली.

दाढेची टोके पहिल्या वर्षात आणखी एकदा घासावी लागली. त्यानंतर दर सहा महिन्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी तोंडात पाहून "अजून गरज नाही" असे सांगितले आहे. दर रविवारी मी दोघांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर, टोपलीत बसवून तोलते आणि वहीत नोंद करते, कारण शंभर ग्रॅमची घट हाताला कळत नाही पण आकड्यात दिसते. दिवाळीत खिडक्या लावून, जाड पडदे सोडून मी त्यांच्याजवळच अंथरूण घालते, आणि पहाटे उठल्यावर चहाचे आधण ठेवण्याआधी ट्रे पाहते.