जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: माझा अनुभव

बाकी किडींचं मला फारसं ओझं वाटत नाही. मावा पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन निघतो, पांढरी माशी पिवळ्या चिकट सापळ्यांवर येऊन बसते, पानं खाणारी अळी हातानं वेचता येते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (अंगावर पांढरं पीठ असल्यासारखी दिसणारी कीड) आला तेव्हा मात्र मी मेटाकुटीला आले.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, "निंबोळी तेल मार, जाईल." या सल्ल्याचा मला अजून राग येतो. तेल वाईट नाही, पण त्यानं काय होतं आणि काय होत नाही हे कुणी सांगतच नाही. निंबोळी तेलातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन कीड जागच्या जागी मारत नाही. त्यानं तिचं खाणं मंदावतं आणि कात टाकणं बिघडतं. शिवाय मादी कापसासारख्या पुंजक्यात शेकडो अंडी घालते, त्यात औषध शिरत नाही. मोठ्या किडीच्या अंगावरही मेणाचा थर असतो. फवारणी खरी लागू पडते ती अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या, मेण न चढलेल्या पिल्लांवर. म्हणून एकदा फवारून काहीच होत नाही. साधारण आठवड्याच्या अंतरानं पुन्हा पुन्हा फवारावं लागतं.

तेही मी नेमानं केलं. झाड चार दिवस स्वच्छ दिसायचं आणि पुन्हा पानांच्या बेचक्यांत पांढरं धरायचं. अगदी रडकुंडीला आले होते. शेवटी औषध बाजूला ठेवलं आणि नुसतं झाड बघत बसले, तेव्हा खोडावरून चढणारी मुंग्यांची रांग नजरेत भरली. पिठ्या ढेकूण रस शोषून गोड चिकटा बाहेर टाकतो, मुंग्या त्यासाठी येतात. त्या बदल्यात त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात आणि पिल्लं उचलून दुसऱ्या फांदीवरही नेतात. पानांवरची काळी बुरशीही याच चिकट्यावर वाढते. मुंग्या चालू असेपर्यंत फवारणी म्हणजे नुसती मेहनत!

मग कुंडी विटांवर चढवली आणि विटा पाण्याच्या पसरट ताटात ठेवल्या. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर डास होतात. भिंतीला टेकणाऱ्या फांद्या कापल्या, कारण एक जरी टेकलेली राहिली तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. झाड जमिनीत असेल तर खोडाला कागदी पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर चिकट थर द्यावा, थेट सालीवर नको. मुंग्या थांबल्यावर त्याच तेलाचा गुण दिसायला लागला आणि मला केवढं हायसं वाटलं!

तेलाचं प्रमाण राहिलंच. लिटरभर कोमट पाण्याला 5 मिलि तेल. पण आधी तेलात थोडा पातळ साबण घोटून घ्या, नाहीतर तेल वर तरंगतं. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा, ते टिकत नाही. संध्याकाळी फवारा आणि पानांची खालची बाजू सोडू नका. गोळा होऊन आखडलेल्या शेंड्यांत थेंबही पोचत नाही. ते छाटून पिशवीत बंद करून टाका, कंपोस्टमध्ये नको. थोडीच कीड असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा, आधी एका पानावर करून बघा. नत्राचं खतही त्या काळात बंद ठेवा. कोवळी लुसलुशीत पालवी म्हणजे या किडीला आमंत्रणच.

आणि किडीत एखादी जरा मोठी, झालरीसारखे पांढरे धागे असलेली, भराभर चालणारी अळी दिसली तर तिला चिरडू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) असू शकते. ती दिसते पिठ्या ढेकणासारखीच, पण खाते त्यालाच. मला ती ओळखता आली याचा फार आनंद झाला, आणि त्या झाडावरची फवारणी मी तिथेच थांबवली.