कारणाचा रकाना

झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

मंगळवारी सर एवढंच म्हणाले, "ग्लोव्हज बदलले होतेस ना?" आवाजही चढला नव्हता. पण तीन दिवस ते वाक्य काट्यासारखं सलतंय. सिलिकॉनच्या तिन्ही फिल्मवर, म्हणजे पातळ थरांवर, पिनहोल, सुईच्या टोकाएवढी भोकं. फिल्म बनते ती निर्वात पेटी, म्हणजे चेंबर, मी पुसला होता, एकदा नाही, दोनदा. पंप रात्रभर चालू ठेवला होता. तरी लॉगबुकात 'कारण' या रकान्यात मी माझ्याच हाताने 'अस्वच्छता' लिहिलं आणि खाली सही केली. वाद नको म्हणून. नेहमी असंच करते मी. घरीसुद्धा... जाऊ दे.

हात स्वच्छ होते माझे.

आज लॅबमधल्या ताईने हिरवा लेझर आणला. दिवे मालवून किरण व्ह्यूपोर्टमधून, म्हणजे चेंबरच्या काचेच्या खिडकीतून, फिल्मच्या जरा वर, आडवा सोडला. सायलेन, म्हणजे ज्यातून फिल्म बनते तो सिलिकॉनचा वायू, सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि मधल्या मोकळ्या जागेत हिरवं धुकं दिसायला लागलं. कडेला दाट, मध्ये विरळ. खाली पडत नव्हतं, वरही जात नव्हतं. मी बघतच राहिले. एवढे दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर तरंगत होतं आणि मी फडकं बदलत बसले होते!

ही धूळ बाहेरून आलेलीच नाही. प्लाझ्मात, म्हणजे विजेने पेटवलेल्या वायूत, सायलेन फुटतो, त्याचे ऋण आयन तयार होतात आणि भिंतींजवळचं विद्युतक्षेत्र त्यांना बाहेर पडू देत नाही. अडकलेले आयन एकमेकांना जोडले जातात, काही नॅनोमीटरचे पुंजके होतात, पुंजके एकमेकांना चिकटून कण होतात. इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा फार चपळ, त्यामुळे कणावर आधी तेच जाऊन बसतात. मायक्रॉनभर कणावर हजारोंनी. मग वजन खाली ओढतं, क्षेत्र वर ढकलतं, आणि कण लोंबकळत राहतो. तिकडे प्लाझ्मात मोकळे इलेक्ट्रॉन कमी पडतात, उरलेल्यांना जास्त तापावं लागतं, तरच प्लाझ्मा पेटता राहतो. त्या दिवशी सेल्फ-बायस, म्हणजे इलेक्ट्रोडवर आपोआप तयार होणारा व्होल्टेज, हळूहळू उतरत होता तो यामुळेच. मी मॅचिंग, म्हणजे वीजपुरवठ्याची जुळणी, बिघडलं समजून नॉब फिरवत बसले होते.

पण आत रुतलं ते पुढचं. ताई म्हणाली, "आता नेहमीसारखं बंद कर." मी गॅस आणि आरएफ, म्हणजे प्लाझ्मा पेटता ठेवणारी वीज, एकदमच बंद केले. धुकं विस्कटलं. बरंचसं पंपाकडे वाहून गेलं, पण जाडे ठिपके खाली उतरले, थेट फिल्मवर. म्हणजे रन संपला म्हणून मी सुटकेचा श्वास टाकायचे, नेमका तोच क्षण.

१९८९मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत गॅरी सेल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचिंगच्या, म्हणजे चिपवर नक्षी कोरायच्या, प्लाझ्मात लेझर सोडून असेच ढग पाहिले होते, वेफरभोवती, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीभोवती, कडी करून थांबलेले. संध्याकाळी ते वाचलं तेव्हा घसा दाटून आला. दोष कपड्यांचा, हातांचा, खोलीतल्या हवेचा नव्हता. कण यंत्रातच जन्मले होते. वाटलं, आत्ता उठून सरांना फोन करावा. हात स्वच्छ होते, सर.

नाही केला. कारण लॉगबुकाची मागची पानं चाळली. लवकर जाड थर मिळावा म्हणून त्या आठवड्यात पॉवर मीच वाढवली होती. पॉवर वाढली की भुकटी लवकर धरते. सरांनी विचारलं त्यात माझी चूक नव्हती, पण चूक होती. घाई माझी होती. हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. उलट जरा मोकळं वाटलं. घाईवर काहीतरी करता येतं. उद्या पॉवर कमी. शेवटी सायलेन आधी बंद, आरएफ अगदी मंद, हायड्रोजन वाहता ठेवायचा, कण पंपाकडे निघून जाईपर्यंत. नाहीच जमलं तर प्लाझ्मा चालू-बंद पल्समध्ये, म्हणजे कण वाढायच्या आत निसटतील.

ताई सांगत होती, हेच कण दोन-तीन नॅनोमीटरचे असताना मुद्दाम फिल्ममध्ये घेतात, त्यानं सिलिकॉन उन्हात जास्त टिकतं. लहान असताना कामाचे, वाढले की पिनहोल. यावर अजून विचार करायचाय.

'अस्वच्छता' खोडली नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं: 'पॉवर जास्त, आरएफ घाईने बंद, कण खाली.' पुन्हा सही केली. सकाळी सर ते पान उघडतील तेव्हा मी तिथेच असेन.