तुम्ही विचारलंत म्हणून: पीटीच्या तासाला पोरं झाडाखाली का बसतात

पालकसभेत गणिताच्या मॅडमांसमोर रांग लागलेली असते आणि माझ्याकडे जे चार-पाच पालक येतात ते सगळे एकच विचारतात, "मॅडम, घरी तर पोट्टा दिवसभर उड्या मारून राह्यते, मग पीटीच्या तासाला काहून बसते? याला गोडी कशी लावायची?" नागपुरात १७ वर्षं पीटी शिकवते आहे, तर एकदा नीट लिहूनच टाकते.

काही वर्षांपूर्वी माझा पाय मुरगळला होता, म्हणून शिट्टी मॉनिटरच्या हातात दिली आणि मी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून हजेरीपट घेऊन बसले, म्हटलं बॉल कोणाकडे किती वेळा जातो ते तरी मोजू. सहावीचा वर्ग, ५४ पोरं, ३५ मिनिटांचा तास. रांगेनं खाली येणं, हजेरी, सावधान-विश्राम, बूट का नाही घातले याची चौकशी, यातच १४ मिनिटं गेली. उरलेल्या वेळात बॉल एकच. चार पोरांच्या नावापुढे रेघांची गर्दी झाली आणि ३१ नावांपुढे एकही रेघ नाही. त्यात एक दोन वेण्यांची मुलगी होती, सुरुवातीला ती बॉल जिकडे जाईल तिकडे धावायची, दरवेळी दोन हात अलीकडे थांबायची, मग हळूहळू कडेला आली, खाली बसली, बुटाची लेस सोडली, बांधली, परत सोडली. तास संपेपर्यंत हेच. त्याआधी माझ्या लेखी ती "इंटरेस्ट नाही" वाली मुलगी होती.

बीपीएडला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला असताना डेसी आणि रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं शिकले होते, की माणसाला आतून एखादी गोष्ट करावीशी वाटायला तीन गोष्टी लागतात, आपली निवड, आपल्याला जमतंय ही भावना आणि आपण यांच्यातले आहोत हे वाटणं. परीक्षेत लिहिलंही होतं. समजलं मात्र त्या लेसवाल्या मुलीकडे बघून, कारण तिला त्यातलं एकही मिळत नव्हतं.

तेव्हापासून मी आधी प्रत्येकाची खेळायची पाळी मोजते. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून बॉल केले, सहा-सहा जणांचे गट, प्रत्येक गटाला एक. खो-खोत नियमाप्रमाणे आठ जण बसतात आणि नववा पळतो, आम्ही तीन छोटी मैदानं आखतो आणि आमचा एक जास्तीचा नियम आहे, सगळ्यांना एकेकदा खो मिळेस्तोवर कोणाला दुसऱ्यांदा द्यायचा नाही. खेळ थोडा संथ होतो, होऊ द्या.

भिडू निवडणं ही दुसरी गोष्ट आणि मला ही फार लागते. दोन कॅप्टन उभे करून "घे तुझे" म्हटलं की शेवटी उरतो तो पोरगा जमिनीकडे बघत असतो, आणि त्याला हे रोज सोसावं लागलं तर तो पोटात दुखते म्हणणारच ना! आपल्या लहानपणी दोघं दोघं गळ्यात हात घालून लांब जायचे, गुपचूप नावं ठरवायचे आणि येऊन विचारायचे, आंबा पाहिजे की चिंच? कॅप्टनला माहीतच नसायचं आंबा कोण. तेच परत सुरू केलं. कोणी शेवटी उरत नाही.

आणि राऊंडची सजा बंद. उशिरा आला मार दोन राऊंड, बोलला मार चार राऊंड, मग धावणं म्हणजे सजा हे पोराच्या डोक्यात आपणच भरतो आणि वर विचारतो धावत का नाही. धावायचंच असेल तर ज्याचं त्याचं मागच्या महिन्याचं टायमिंग वहीत असतं, त्याच्याशीच शर्यत.

आठवी-नववीच्या मुलींचं थोडं वेगळं असते. मासिक पाळी असते, स्कर्टवर उडी मारायला लाज वाटते, मुलं बघतात. पीटीच्या दिवशी ट्रॅकपँट चालेल हे शाळेकडून मंजूर करून घेतलं आणि ज्या दिवशी बरं नाही त्या दिवशी अंपायरिंग करायचं की गुण लिहायचे हे त्यांनीच ठरवायचं, तेवढ्यानं बऱ्याच जणी झाडाखालून उठल्या.

२०२३ ला आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं बर्लिनला तिरंदाजीची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, फायनलला १५० पैकी १५०, तेव्हा आमच्या पोरांनी बांबूची धनुष्यं करून आणली होती. मला खूप आनंद झाला. पण तो जोर आठ दिवस टिकला, नवव्या दिवशी ज्यांना बाण सोडायला मिळत होता तेवढेच उरले होते.

म्हणून पोरगा घरी आला की कोण जिंकलं हे नका विचारू, तुझी खेळायची पाळी किती वेळा आली ते विचारा. एकदाही नाही म्हणाला तर सरळ शाळेत या, मधल्या सुट्टीनंतर मी मैदानावरच असते.